मजा संपते, ओढ संपत नाही: डोपामिन आणि व्यसन

व्यसनी माणसाच्या घरात एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. आई विचारते, बायको विचारते, कळत्या वयाची पोरंही विचारतात: "आता त्यात मजा येत नाही असं तुम्हीच म्हणता ना बाबा? मग घेता कशाला?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "राहवत नाही." घरच्यांना ती सबब वाटते. त्यांचा रागही खोटा नसतो. पगार उडालेला असतो, दागिने गहाण पडलेले असतात, देवासमोर घेतलेल्या शपथा मोडून झालेल्या असतात.

तरीही ते उत्तर खरं आहे. गेल्या सत्तर वर्षांत मेंदू आणि व्यसन यांवर जे संशोधन झालं, त्याचा मोठा भाग 'मजा नाही, तरी राहवत नाही' हेच कोडं सोडवण्यात गेला आहे. आणि त्यात वारंवार समोर आलेलं रसायन म्हणजे डोपामिन. मोबाइल उघडला की कुणी ना कुणी सांगत असतं, डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. ही समजूत आता इतकी रुळली आहे की ती खोडायला बसलं की लोक चमकतात. पण शास्त्रज्ञांनी ती केव्हाच मागे टाकली आहे. डोपामिन ओढ लावतं आणि शिकवतं. सुख देण्याचं काम मेंदूत मुख्यतः दुसऱ्यांकडे आहे. हा फरक एकदा नीट समजला की व्यसनी माणसाकडे बघण्याची आपली नजरच बदलते, म्हणून तो जरा तपशिलात सांगावासा वाटतो.

सर्पगंधा, ससे आणि उंदीर

डोपामिनच्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेड लागलेल्या, झोप उडालेल्या माणसाला पूर्वापार दिली जायची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली, नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या झुडपाकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. रेसरपिनने रक्तदाब उतरायचा, पण बरोबर काही रुग्ण मंद, निरुत्साही व्हायचे.

हे द्रव्य मेंदूत नेमकं काय करतं, याचा छडा लावताना स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे कान पाडून, हालचाल थांबवून पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं. शरीर ज्या पदार्थापासून डोपामिन बनवतं तो हा पदार्थ. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. तोवर डोपामिन म्हणजे दुसरं एक रसायन तयार होताना मधे लागणारा टप्पा, इतकीच त्याची किंमत होती. 1957-58 च्या या कामातून दिसलं की ते स्वतःच एका पेशीचा निरोप दुसरीकडे पोचवणारं रसायन आहे. कार्लसन यांना त्यासाठी 2000 साली नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यात मध्यमेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अवघ्या काही लाख. पण त्या प्रत्येकीच्या फांद्या इतक्या लांबवर पसरलेल्या असतात की मेंदूच्या मोठ्या भागावर त्यांचा अंमल चालतो.

दुसरा धागा कॅनडातला. 1954 मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा हलका झटका देत होते. एका उंदराच्या मेंदूत तार ठरलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली. तो उंदीर ज्या कोपऱ्यात झटका मिळाला होता त्याच कोपऱ्यात परत परत जायला लागला. मग त्यांनी पिंजऱ्यात एक दांडा बसवला. दाबला की उंदराला आपल्या हाताने झटका घेता येईल असा. पुढच्या प्रयोगांत काही उंदीर तासाला हजारो वेळा तो दांडा दाबत राहिले, भूक-तहान विसरून. मेंदूतलं 'सुखाचं केंद्र' सापडलं, अशी हाकाटी झाली. नंतर कळलं की अशा बऱ्याच जागा डोपामिनच्या वाटेवर आहेत. झालं, डोपामिन म्हणजे सुख हे समीकरण तिथून पक्कं झालं.

पण उंदीर दांडा दाबतोय याचा अर्थ त्याला सुख होतंय, असाच होतो का? तो दांडा दाबतोय, एवढंच आपल्याला दिसतं. ही शंका घ्यायला पुढे तीसेक वर्षं गेली.

जिभेवरची साखर

ती शंका घेतली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती अगदी साधी आहे. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला की ते ओठ चाटतं, जीभ बाहेर काढतं. कडू थेंब ठेवला की तोंड वेडंवाकडं करतं. उंदीरही असंच करतो. म्हणजे उंदराला काय आवडलं ते त्याच्या तोंडावर वाचता येतं. त्यासाठी त्याला दांडा दाबायला लावायची गरज नाही.

बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. असे उंदीर खायचेच थांबतात. पुढ्यात अन्न असून उपाशी मरतील, म्हणून त्यांना नळीने भरवावं लागतं. डोपामिन म्हणजे सुख असतं, तर साखरेचा थेंब जिभेवर ठेवल्यावर या उंदरांच्या तोंडावर काहीच उमटायला नको होतं. पण ते पूर्वीसारखेच ओठ चाटत होते. गोडाची गोडी शाबूत होती, ती मिळवण्यासाठी उठायची ओढ तेवढी गेली होती. उलट बाजूने पाहिलं तेव्हाही तेच. ज्या उंदरांच्या मेंदूत जन्मतः डोपामिन जास्त खेळेल अशी जनुकं बदलली, ते गोड खाऊकडे जास्त वेगाने धावले, पण जिभेवर थेंब ठेवल्यावर त्यांच्या तोंडावर जास्त आनंद दिसला नाही.

याच पायावर बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1993 मध्ये व्यसनाबद्दल एक मांडणी केली. वारंवार नशा केल्याने मेंदूतली ओढीची यंत्रणा हळवी होत जाते, भडकून उठायला तिला कमी कमी कारण पुरतं. आवडीची यंत्रणा मात्र तशी वाढत नाही, उलट बोथट होते. एकीकडे मजा कमी होत जाते, दुसरीकडे तलफ वाढत जाते, आणि या दोन रेषा एकमेकींपासून लांब लांब सरकतात. 'राहवत नाही' म्हणणारा माणूस याच फटीत अडकलेला असतो.

माणसांतही याचा पुरावा आहे, आणि तो व्यसनाच्या वॉर्डाबाहेरचा आहे. पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या आजारात डोपामिनच्या पेशी मरत जातात. त्यावर प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधं देतात, जी डोपामिनची नक्कल करतात. ही औषधं सुरू केल्यावर काही रुग्ण, ज्यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता असेही, अचानक जुगार खेळायला लागतात. कुणी गरज नसलेल्या वस्तू विकत घेत सुटतं, कुणी रात्री-अपरात्री खात सुटतं. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांमध्ये हे ओसरतं. इथे स्वभाव बिघडला नव्हता की संस्कार कमी पडले नव्हते. गोळीने ओढ वाढवली होती. घरात कंपवाताचा रुग्ण असेल तर हे माहीत असायलाच हवं.

माकडाला दिलेला रस

ओढ लावणारं हे रसायन शिकवतं कसं, ते वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं. माकडाच्या मेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीचा आवाज ते ऐकत होते. माकडाला अवचित फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात कडाडायची. मग थेंबाच्या आधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी दिवा लागताच कडाडू लागली, आणि रस मिळाल्यावर गप्प राहू लागली. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रस मिळायच्या क्षणी पेशीचा नेहमीचा संथ ठेकाही थांबायचा.

म्हणजे ही पेशी रस मोजत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, ते ती मोजते. दर महिन्याच्या 1 तारखेला जमा होणारा पगार तेवढाच जमा झाला तर आपल्याला विशेष काही वाटत नाही, ध्यानीमनी नसताना फरक मिळाला तर दिवसभर डोक्यात तोच राहतो, आणि पगार दोन दिवस लांबला तर जीव खाली-वर होतो, तसंच हे. अपेक्षा आणि मिळकत यांतला हा फरक मेंदूला सांगतो, 'आत्ता जे केलंस ते लक्षात ठेव, पुन्हा कर' किंवा 'यापुढे यावर विसंबू नको.' 1997 मध्ये शुल्ट्झ यांनी पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत ही मांडणी प्रसिद्ध केली. आज मेंदूविज्ञानातल्या सर्वांत भक्कम मांडण्यांत ती गणली जाते.

आता यात नशेचं द्रव्य घाला. जेवण असो, कौतुक असो, दहावीचा निकाल असो, सवयीचं झालं की अपेक्षा आणि मिळकत यांचा मेळ बसतो आणि पेशी शांत होते. कोकेन किंवा हेरॉइनला ही वाट चालावीच लागत नाही. ती रासायनिक जोरावर थेट डोपामिन वाढवतात, अपेक्षा काही का असेना. म्हणून मेंदूला दर वेळी तोच निरोप जातो: 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं.' शंभराव्या वेळीही जातो. डेव्हिड रेडिश यांनी 2004 मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं. शिकण्याची यंत्रणा चोख चालू असते, तिला मिळणारा निरोप तेवढा खोटा असतो, आणि खोट्या निरोपावर ती आयुष्यभराचा धडा गिरवत बसते.

प्रत्येक नशेची आपली वाट

1988 मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीत गाएतानो दि कियारा आणि असुंता इम्पेरातो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूतून बारीक नळीने द्रव काढून मोजमाप केलं. मॉर्फिनसारखी अफूजन्य द्रव्यं, दारू, निकोटिन, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन अशी एकमेकांशी काडीचं नातं नसलेली द्रव्यं दिली, तरी न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या मेंदूतल्या छोट्या भागात डोपामिन वाढलेलं दिसलं.

प्रत्येकाची युक्ती वेगळी आहे. एरवी पेशीने सोडलेलं डोपामिन लगेच परत आत ओढून घेतलं जातं. कोकेन हे परत ओढणंच बंद पाडतं, त्यामुळे डोपामिन बाहेर साचत जातं. अ‍ॅम्फेटामिन त्याहून पुढे जातं आणि पेशीतला साठाच बाहेर ढकलतं. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हे हेरॉइनच आहे. ते डोपामिनच्या पेशींना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींना गप्प बसवतं, आणि मग डोपामिनवर कुणाचा लगाम राहत नाही. दारूच्या मात्र एक ना अनेक वाटा आहेत. शांत करणारी, उत्तेजित करणारी आणि शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं अशा सगळ्यांत ती ढवळाढवळ करते.

तंबाखूबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडचं खरं घरोघरचं व्यसन तेच आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी साधारण 27 टक्के लोक तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यांतले बहुतेक बिनधुराची. तळहातावर तंबाखू मळताना तिला चुना लावतात. का लावतात? निकोटिनच्या रेणूवर विद्युतभार असेल तर तो तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहजी आत जात नाही. चुना हा अल्कधर्मी. तो लागला की रेणूचा भार जातो आणि निकोटिन झपाट्याने रक्तात उतरतं. चुन्याशिवायची तंबाखू 'लागत नाही' असं खाणारे सांगतात ते यामुळेच. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता पिढ्यान् पिढ्यांनी हे शोधून काढलं आहे. मशेरी लावणाऱ्या बायकांना तर आपण व्यसन करतोय असं वाटतच नाही, कारण ते दात घासण्याच्या नावाखाली चालतं. पण दिवसातून किती वेळा दात घासावेसे वाटतात ते पाहिलं की निकोटिन आपलं काम करतंय हे ध्यानात येतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती पाळली किती जाते ते पानटपरीवर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

चुन्याच्या गोष्टीत एक मोठं तत्त्व दडलेलं आहे: वेग. तेच द्रव्य जितक्या झटकन मेंदूत पोचेल तितकं व्यसन लावणारं ठरतं. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. सोडायला मदत म्हणून दंडावर लावतात त्या पट्टीतूनही निकोटिनच मिळतं, पण तासन् तास, संथपणे. म्हणून पट्टीचं व्यसन सहसा कुणाला लागत नाही. लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांना मेथिलफेनिडेट नावाची गोळी देतात. मेंदूत तिचं काम कोकेनसारखंच, डोपामिन परत ओढणं बंद करण्याचं. अमेरिकेतल्या व्यसन-संशोधक नोरा वोल्कोव्ह यांनी मेंदूतली रसायनं टिपणाऱ्या पेट स्कॅनमधून दाखवलं की गोळी तोंडावाटे घेतली तर परिणाम हळूहळू चढतो आणि झिंग येत नाही. तेच औषध शिरेत टोचलं तर येते.

खोली, रस्ता, मित्र

घरचे म्हणतात, "दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात चांगला राहिला, घरी आला आणि आठवड्यात पुन्हा सुरू." माकडाचा दिवा आठवा. मेंदूने नशेशी काय काय बांधून ठेवलेलं असतं? संध्याकाळचे सात, स्टँडसमोरचं बारचं वळण, ठरावीक मित्राचा फोन, खिशात आलेला पगार, अगदी चण्याफुटाण्याची पुडी. केंद्रात यातलं काहीच नसतं. घरी परतला की एकेक दिवा लागायला सुरुवात होते.

हे किती खोल जातं ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अ‍ॅना रोज चाइल्ड्रेस यांनी 2008 मध्ये दाखवलं. कोकेनच्या रुग्णांना स्कॅनरमध्ये नशेशी संबंधित चित्रं फक्त 33 मिलिसेकंद दाखवली. इतक्या कमी वेळात आपण काय पाहिलं हे कळतच नाही, आणि रुग्णांनाही कळलं नव्हतं. तरी त्यांच्या मेंदूतले ओढीशी निगडित भाग पेटले. 'मनावर ताबा ठेव' असं आपण सांगतो, पण इथे मनाला खबर लागायच्या आधीच यंत्रणा सुरू झालेली असते.

त्याहून हादरवणारा प्रयोग कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांचा, 1982 चा. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली, डोस वाढवत नेला. मग एकदा मोठा डोस दिला, काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना अनोळखी खोलीत. नेहमीच्या खोलीतले साधारण एक तृतीयांश मेले, अनोळखी खोलीतले साधारण दोन तृतीयांश. द्रव्य तेच, डोस तोच. नेहमीची खोली दिसताच शरीर आधीच तयारीला लागतं. नवी जागा दिसली की ती तयारी होत नाही. यातून आणि एकूणच सहनशक्ती ओसरण्यातून एक गोष्ट प्रत्येक गर्दच्या रुग्णाच्या घरी पोचायला हवी. काही आठवडे नशा बंद ठेवून बाहेर आलेल्या माणसाने पूर्वीचाच डोस घेतला तर तो जीवघेणा ठरू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात.

याची दुसरी, आशेची बाजू व्हिएतनाममध्ये दिसली. 1971 च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. हे सगळे व्यसनी होऊन मायदेशी परतणार, या भीतीने सरकारचं धाबं दणाणलं. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे 5 टक्के, तीन वर्षांत सुमारे 12 टक्के. युद्ध, जंगल, पावलोपावली स्वस्तात मिळणारं हेरॉइन, सोबतचे जवान, हे सगळं समुद्रापलीकडे राहिलं होतं. आपल्या रुग्णांचं दुर्दैव असं की उपचारानंतर ते परततात ते त्याच गल्लीत.

आधी अंडं की आधी कोंबडी

वोल्कोव्ह यांच्या स्कॅनमधून आणखी एक गोष्ट दिसली. दीर्घकाळ कोकेन, दारू किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) घेणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन झेलणारे डी-2 नावाचे ग्राहक (रिसेप्टर) कमी आढळतात, आणि त्याबरोबर कपाळामागचा भागही मंदावलेला दिसतो. सबुरी, परिणामांचा विचार, 'आज नको' म्हणणं ही कामं याच भागाची. तो पूर्ण पक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते, म्हणून कोवळ्या वयात लागलेलं व्यसन जास्त घट्ट बसतं. साध्यासुध्या गोष्टींत रस न वाटणं, पोराच्या वाढदिवसातही मन न लागणं, हे यातून येतं.

पण ग्राहक नशेमुळे कमी झाले, की मुळात कमी होते म्हणून माणूस नशेकडे वळला? दोन्ही खरं असावं असं माकडांवरच्या कामातून दिसतं. मायकेल नेडर यांच्या प्रयोगशाळेत 2002 मध्ये एकेकट्या ठेवलेल्या माकडांना एकत्र कळपात आणलं. थोड्याच काळात वरचढ कोण आणि दबलेले कोण ते ठरलं. वरचढ झालेल्यांच्या मेंदूत डी-2 ग्राहक वाढलेले दिसले, दबलेल्यांत वाढले नाहीत. मग कोकेन घेण्याची सोय केली, तेव्हा दबलेली माकडं ते घेत राहिली, वरचढ माकडांना त्याचं तसं आकर्षण वाटलं नाही. कळपातली जागा मेंदूचं रसायन बदलते, आणि ते रसायन नशेची गोडी ठरवतं. हातात काम नसलेल्या, घरीदारी पाणउतारा सोसणाऱ्या माणसाला आणखी पाणउतारा करून व्यसनातून बाहेर काढता येईल, असं मानणाऱ्यांनी या माकडांचा विचार करावा.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण निम्म्याच्या घरात येतो. आणि नशा करून पाहणारे बहुसंख्य लोक व्यसनी होत नाहीत, हेही खरं आहे. डोपामिन म्हणजे सगळं काही, असंही नाही. कोकेन-अ‍ॅम्फेटामिनच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. माणसांत अफूजन्य द्रव्यं आणि गांजा यांच्या बाबतीत डोपामिनची वाढ तितकी स्पष्ट सापडलेली नाही. डोपामिन सरसकट अडवणारी औषधं आहेत, पण ती दिल्याने व्यसन सुटत नाही. चालायला, शिकायला, सकाळी अंथरुणातून उठायला तेच डोपामिन लागतं.

सध्या 'डोपामिन डिटॉक्स'ची टूम आहे. एक दिवस मोबाइल बंद, गोड बंद, गप्पा बंद, की म्हणे डोपामिन धुऊन निघतं. मोबाइल बाजूला ठेवणं चांगलंच आहे, जरूर ठेवा. पण डोपामिन हे विष नाही, आणि एका दिवसात मेंदूची शिकवण पुसली जात नाही. मेथचं व्यसन असलेल्या पाच जणांचे स्कॅन वोल्कोव्ह यांनी सोडल्यानंतर बारा ते सतरा महिन्यांनी पुन्हा काढले. डोपामिन परत ओढून घेणाऱ्या प्रथिनांची संख्या बऱ्यापैकी सुधारली होती, पण स्मरण आणि हालचालींच्या चाचण्या तेवढ्या सुधारल्या नव्हत्या. मेंदू भरून येतो, त्याला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. घरच्यांनी धीराचा हिशेब आठवड्यांत न मांडता असा मांडायला हवा.

उपचारांचं काय

औषधं आहेत, आणि ती पुरेशी वापरली जात नाहीत. गर्दसाठी बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहेत: हेरॉइन ज्या ग्राहकांवर बसतं त्यांच्यावरच बसणारी, पण संथ आणि दीर्घकाळ टिकणारी. वेगाचं तत्त्व इथे उलट्या बाजूने कामी येतं. झिंग येत नाही, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, लागत नाही, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. 'एका नशेच्या जागी दुसरी नशा' अशी त्यांची हेटाळणी होते, ती थांबायला हवी; ही औषधं मृत्यू टाळतात हे वारंवार सिद्ध झालेलं आहे. दारूसाठी नालट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट, तंबाखूसाठी निकोटिनची पट्टी व च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन.

औषधाबरोबर माणसं लागतात. 2018 मध्ये मार्को व्हेनिरो आणि यावीन शहम यांनी उंदरांना दोन दांडे दिले, एक नशेचा आणि एक दुसऱ्या उंदराच्या सहवासाचा. नशेची सवय लागलेल्या उंदरांनीही जवळजवळ दर वेळी सहवास निवडला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा हा प्रयोग व्हायला बत्तीस वर्षं होती. रुग्णाला मित्रासारखं वागवणं, सुटलेल्या माणसाने नव्याने आलेल्याचा हात धरणं आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेणं हे तिथे सुरुवातीपासून होतं.

तरी पोचणारे थोडेच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच कसली ना कसली मदत मिळाल्याचं दिसलं. 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन क्रमांक आहे, त्यावर पैसे पडत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला मात्र घरात कोंडून दारू एकदम तोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधारानेच सोडवावी लागते, आणि पहिला फोन डॉक्टरांनाच करावा लागतो.